ठरलेला वार चुकवायचा नाही

मी पोस्टात 34 वर्षं काउंटरवर बसलो. 2015 साली निवृत्त झालो आणि पुढच्या वर्षीपासून दर मंगळवारी परळच्या एका रुग्णालयात, लहान मुलांच्या कर्करोग विभागात जातो. लालबागहून चालत वीस मिनिटं. आमच्या भागात केईएम 1926 पासून, वाडिया 1929 पासून आणि टाटा मेमोरियल 1941 पासून, अशी तीन मोठी रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. त्यामुळे फुटपाथवर पथारी टाकून बसलेली, उशाशी फाइल ठेवून झोपलेली माणसं बघतच आम्ही मोठे झालो. शाळेत जाताना त्यांना वळसा घालून जायचो. बरीच वर्षं मी तेच केलं.

आता ओळखीतले बरेच जण विचारतात, ‘मलाही यायचंय, काय करावं लागतं?’ त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी वार ठरवा

काय करणार हे नंतर ठरेल. आधी कोणत्या वारी आणि किती वाजता येणार ते ठरवा. आठवड्यातून एकदा, तीन तास, निदान वर्षभर. एवढं जमणार नसेल तर पैसे द्या, रक्त द्या, पण मुलांच्या ओळखीत पडू नका.

हे मी कुणाला दुखवायला सांगत नाही. पहिल्या वर्षी मी एका सात वर्षांच्या मुलाला म्हणालो होतो, ‘गुरुवारी पण येतो, कॅरम घेऊन येतो.’ गुरुवारी घरी पाहुणे आले आणि मी गेलो नाही. मंगळवारी गेलो तेव्हा त्याच्या आईने सांगितलं, पोरगं सकाळी नऊपासून लिफ्टसमोरच्या बाकावर बसून होतं, जेवायलाही उठेना. तो माझ्यावर रागावला नव्हता. त्याने विचारलं, ‘आजोबा, तुमचे पण काउंट पडले होते का?’

त्याच्या माहितीतली माणसं यायची थांबत ती एकाच कारणाने: रक्तातल्या पेशी कमी झाल्या, संसर्गाची भीती, बाहेर पडायचं नाही. मी पाहुण्यांचं सांगू शकलो नाही. तेव्हापासून ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवसाचं नाव मी घेत नाही, आणि मंगळवारी लग्नाचं आमंत्रण आलं तरी आधी रुग्णालयात जाऊन मग जेवायला जातो.

आत जायचा रस्ता

थेट वॉर्डात जाऊ नका. मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा विभाग असतो, तिथे मेडिकल सोशल वर्कर भेटतात. त्यांच्याकडे नाव द्यायचं किंवा तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेमार्फत जायचं. मुंबईत बाहेरगावच्या कर्करुग्ण मुलांना आईवडिलांसह मोफत ठेवणारी सेंट ज्यूड इंडियाची केंद्रं 2006 पासून आहेत. दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा तर कित्येक कुटुंबांचं मुंबईतलं पहिलं घर. अशा ठिकाणीही हातांची गरज असते, आणि वॉर्डातलं वातावरण ज्यांना झेपत नाही त्यांनी तिथूनच सुरुवात करावी. ओळखपत्र मागतील, पोलीस पडताळणी मागतील, एकदोन दिवसांचं प्रशिक्षण देतील. कटकट वाटून घेऊ नका. अनोळखी माणूस लेकरांत येऊन बसणार म्हटल्यावर एवढी चौकशी व्हायलाच हवी. मुलासोबत बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही, आणि फोटो काढायचा नाही. आईने हौसेने काढा म्हटलं तरी नाही.

तब्येतीचा नियम सगळ्यात कडक. किमो दिल्यावर साधारण आठवडा ते दोन आठवड्यांत मुलाच्या पांढऱ्या पेशी खाली येतात. त्या काळात तुमची साधी सर्दीसुद्धा त्याला आयसीयूत नेऊ शकते. शिंक आली, घसा खवखवला, घरात कुणाला कांजण्या किंवा गोवर आला, तर फोन करून येत नाही म्हणून सांगायचं. ठरलेला वार मोडायला हे एकच कारण मी मानतो. आत गेल्यावर घड्याळ आणि अंगठ्या काढून साबणाने हात धुवायचे. अत्तर किंवा केसांना वासाचं तेल लावून जायचं नाही. किमोच्या दिवसांत त्या वासानेही मुलांना उलटी होते. फुलं न्यायची नाहीत. खेळणी न्यायची तर धुता येतील अशीच, केसाळ अस्वलं नकोत.

तोंड कधी उघडायचं

‘काही लागलं तर सांगा हं’ हे वाक्य घरी ठेवून या. जालन्याहून किंवा परभणीहून देवगिरी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलेली, दोन रात्री न झोपलेली बाई तुम्हाला काय सांगणार? तिलाच माहीत नसतं काय लागणार आहे. त्याऐवजी असं म्हणा: ‘ताई, मी दोन तास इथेच आहे. तुम्ही अंघोळ करून या, मी पोराजवळ बसतो. सिस्टरना सांगितलंय.’ किंवा, ‘भाऊ, रक्ताच्या रिपोर्टची रांग मी धरतो, तुम्ही चार घास खाऊन घ्या.’ त्यांना फक्त हो किंवा नाही म्हणायचं असलं की सोपं जातं.

‘कसं झालं?’ विचारायचं नाही. हा प्रश्न त्यांना गावात शंभर जणांनी विचारलेला असतो आणि त्यात कुठेतरी आईवर बोट असतं. एका माउलीला सासरचे म्हणत होते की पोटुशी असताना तिने ग्रहण पाळलं नाही. ती मला रात्रीचं स्वप्न सांगावं तशा आवाजात म्हणाली, ‘काका, मी त्या दिवशी विळीवर भाजी चिरली होती.’ अशा वेळी गप्प बसायचं नाही. तिला स्पष्ट सांगितलं, ताई, भाजी चिरल्याने हा आजार होत नाही, याची लागणही होत नाही, आणि तुम्ही काही केलं नाही म्हणूनही झालेला नाही. मग डॉक्टरांना विनंती केली की हेच तिच्या नवऱ्यासमोर एकदा बोला. डॉक्टर बोलले. नवरा मान खाली घालून ऐकत होता. त्या दिवसापासून बाई जेवायला लागली.

‘बरा होईल, काळजी करू नका’ हेही आपलं वाक्य नाही. मुलांमध्ये सगळ्यात जास्त दिसणारा रक्ताचा कर्करोग, ज्याला कागदावर एएलएल लिहितात, तो पुष्कळ मुलांमध्ये पूर्ण बरा होतो. पण या मुलाचा होईल की नाही, हे सांगायचा अधिकार डॉक्टरांचा. तसंच औषधांचं. पपईच्या पानांचा रस, गोमूत्र, कुणीतरी पाठवलेली पुडी, यातलं काहीही सुचवू नका. कुटुंब आधीच देत असेल तर दटावू नका. ‘डॉक्टरांना एवढं कानावर घालूया’ म्हणा आणि सोबत जा.

आपल्या नात्यातल्या दुसऱ्या रुग्णाची गोष्ट सांगण्याचा मोह फार होतो. तो आवरा.

उपाशी लेकराजवळ बसणं

माझ्या मते स्वयंसेवकाचं सगळ्यात मोलाचं काम हे, आणि ते कुठल्याच पत्रकात लिहिलेलं नसतं. पाठीत इंजेक्शन द्यायचं किंवा बोन मॅरो काढायचा असेल, तर भूल द्यावी लागते म्हणून मुलाला उपाशी ठेवतात. नंबर कधी लागेल ते कुणाच्या हातात नसतं. चार वर्षांचं पोर सकाळपासून पाणी मागतंय, शेजारी दुसरं मूल बिस्किट खातंय आणि आई स्वतःही उपाशी, कारण त्याच्यासमोर खायचं कसं? दुपारचे दोन वाजतात.

अशा वेळी त्या मुलाला खाण्याच्या वासापासून लांब, खिडकीपाशी घेऊन बसायचं, अर्थात सिस्टरला विचारून. आईला खाली पाठवायचं आणि ‘खाऊन या’ असं निक्षून सांगायचं. ती पाच मिनिटांत परत येते, पहिल्या वेळी तर येतेच. दुसऱ्या वेळी दहा मिनिटं थांबते.

त्या वेळेत काय करायचं? मी पोस्टकार्डं नेतो. 50 पैशांचं कार्ड, अजूनही मिळतं. मुलाला विचारतो, कुणाला लिहायचं? आजीला, वर्गातल्या मित्राला, म्हशीलाही लिहिलंय एकाने. लिहिता येत नसेल तर तो सांगतो आणि मी लिहितो, खाली त्याचा अंगठा किंवा चित्र. मग पिनकोडचा खेळ. पहिला आकडा 4 असेल तर पत्र महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश किंवा छत्तीसगडात जाणार. 8 असेल तर बिहार-झारखंडाकडे. शेवटचे तीन आकडे म्हणजे नेमकं पोस्ट ऑफिस. मुलांना हे फार आवडतं, की आपल्या गावाला एक आकडा आहे आणि मुंबईतून तो लिहिला की कागद बरोब्बर घरी पोचतो. उत्तरासाठी पत्ता माझा देतो, ‘द्वारा’ लिहून. शिक्षकांना फोन करून सांगतो की वर्गाने एक तरी कार्ड पाठवावं. येतात उत्तरं. वर्षभर शाळा बुडालेल्या पोराला बाकावर अजून आपली जागा आहे हे त्या कार्डावरून कळतं.

गावी राहिलेल्या भावंडांनाही लिहा. आईबाप सहासहा महिने परळला आणि थोरली मुलगी आजीकडे. तिला कुणी काहीच सांगितलेलं नसतं. एका मुलीने उत्तरात विचारलं होतं, ‘माझी आई माझ्यावर रागावली आहे का?’ ते कार्ड मी आईच्या हातात दिलं. त्या दिवसापासून रोज रात्री आठ वाजता फोन सुरू झाला.

तुम्हाला पत्रं जमत नसतील तर तुमचं जे असेल ते न्या. आमच्यातल्या एक बाई क्रोशाची सुई घेऊन येतात आणि आयांना टोप्या विणायला बसवतात. केस गेलेल्या पोरांना त्या लागतातच, आणि आयांच्या हातांना काहीतरी काम मिळतं.

डबा

मुलासाठी परस्पर काही न्यायचं नाही. आहारतज्ज्ञ असतात, त्यांना विचारायचं. साधारण नियम असा: ताजं, गरम, घरी शिजवलेलं, पाणी उकळलेलं, कच्ची कोशिंबीर, उघड्यावरची चटणी, कापून ठेवलेली फळं नाहीत, फळ द्यायचंच तर जाड सालीचं, धुऊन, त्यांच्यासमोर सोलून. स्टिरॉइडच्या दिवसांत मुलाला रात्री तीनला कडाडून भूक लागते, चेहरा सुजतो, चिडचिड होते. नव्या आईला वाटतं पोरगं हट्टी झालं. ते औषधामुळे आहे, एवढं डॉक्टरांकडून तिला कळलं तरी तिचा हात उगारायचा थांबतो.

डबा न्यायचा तो आईबापांसाठी. आणि त्यात पुलाव-पनीर नको. महिनाभर वडापाव आणि दानाचा खिचडी-भात खाऊन मराठवाड्यातला माणूस ज्वारीच्या भाकरीला आसुसलेला असतो. भाकरी, पिठलं, लसणाची चटणी. माझी बायको मंगळवारी आठ भाकऱ्या जास्त थापते.

कागद

इथे मी जरा थांबणार आहे, कारण 34 वर्षं मी हेच केलं आणि इथेच माणसं सगळ्यात जास्त अडतात.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेला गावाकडची माणसं अजून ‘जीवनदायी’च म्हणतात, 2012 साली ती राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झाली होती. जुलै 2023 च्या निर्णयाने तिचं संरक्षण कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत गेलं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या कागदपत्रांना मदत करणारी माणसं, बसतात. तुम्ही अर्ज भरून द्यायचा नाही, तुम्ही कुटुंबाला घेऊन त्या खिडकीपाशी उभं राहायचं. कारण पुढच्या वेळी तुम्ही नसाल.

अडचण बहुधा नावात असते. रेशनकार्डावर मुलाचं घरातलं नाव आणि आधारवर शाळेतलं, किंवा जन्मतारखेत एक आकडा इकडेतिकडे. किंवा रेशनकार्डावर मुलाचं नावच चढवलेलं नाही. पहिल्याच भेटीत सगळे कागद शेजारी शेजारी मांडून अक्षर न् अक्षर ताडून बघा. चूक आज सापडली तर गावाकडचा मामा तहसीलला जाऊन दुरुस्त करून आणू शकतो. बिल समोर आल्यावर सापडली तर रात्र जाते. प्रत्येक कागदाच्या पाच झेरॉक्स, वडिलांच्या मोबाइलवर प्रत्येक पानाचा फोटो, आणि एक प्लास्टिकची चेनवाली पिशवी. मूळ कागद कुणालाही द्यायचे नाहीत, तुम्हालासुद्धा.

रेल्वेची सवलत पुष्कळांना माहीत नसते. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीचं तिकीट फुकट आहे आणि सोबतच्या एका माणसाला त्याच वर्गांत 75 टक्के सूट. फॉर्मवर डॉक्टरांची सही आणि रुग्णालयाचा शिक्का घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर जायचं. दर महिन्याला येजा करणाऱ्या घराचे यात किती पैसे वाचतात ते तुम्हीच मोजा.

आणि एक वही ठेवा, पुढच्या तारखांची. रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात, पण पहिल्या काही महिन्यांतच मूल खेळायला लागतं, गाल भरतात. घरी वाटतं बरं झालं. त्यातच पेरणी येते, बहिणीचं लग्न येतं, पैसे संपतात, आणि तारीख चुकते. मग आजार उलटून येतो. माझ्या वहीत वीसेक नावं असतात. तारखेच्या तीन दिवस आधी फोन करतो. ‘भाऊ, तिकीट झालं का?’ एवढंच. उत्तरात गडबड जाणवली तर त्याच दिवशी सोशल वर्करना सांगतो, म्हणजे पैशांचं किंवा राहण्याचं काही अडलं असेल तर त्यांना बघता येतं. याच फोनवर मी प्रत्येक वेळी एक वाक्य म्हणतो: ताप 100.4 च्या वर गेला तर आपल्या मनाने गोळी द्यायची नाही, रात्र असली तरी आधी रुग्णालयात फोन.

रक्त, पैसे

किमोच्या मुलांना लागणाऱ्या प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, म्हणून त्या साठवून ठेवता येत नाहीत. दाता रोज नवा लागतो. मुंबईत एकही ओळखीचा माणूस नसलेला बाप दाता कुठून आणणार? वजन 50 किलोच्या वर असेल आणि तब्येत धड असेल, तर यंत्रावर प्लेटलेट देण्यासाठी रक्तपेढीत नाव नोंदवा. दीडेक तास लागतो. नेहमीच्या रक्तदानासारखं तीन महिने थांबावं लागत नाही. 48 तासांनी पुन्हा देता येतं, आठवड्यात दोनदा आणि वर्षात 24 वेळा ही मर्यादा. आदले तीन दिवस अॅस्पिरिन घ्यायचं नाही. लालबागच्या एका गणेश मंडळाच्या पोरांचा आम्ही गट केलाय. गणपतीच्या दहा दिवसांत सगळे मंडपात असतात, तेव्हाच दाते कमी पडतात. म्हणून दोघांना त्या दिवसांसाठी आधीच बांधून घेतो.

स्वतःच्या खिशातून कुणाच्याही हातात पैसे देऊ नका. मी दिले होते. शेजारच्या खाटेवरच्या बापाने माझ्याकडे बघितलं आणि काही बोलला नाही, ती नजर मला अजून दिसते. पैसे समाजसेवा विभागात जमा करा. कुणाला किती गरज आहे ते त्यांना कळतं.

जेव्हा मूल जातं

तुम्ही नियमित गेलात तर हा दिवस येणार. ‘देवाला आवडला’ म्हणू नका, ‘दुसरं होईल’ तर कधीच नाही. त्या वेळी बापाला माहिती हवी असते: शववाहिका, गावापर्यंतचा खर्च, दाखला कुठून मिळणार, कोणत्या कागदावर सही. हे सगळं सोशल वर्करकडून आधी समजून घेऊन ठेवा. आईजवळ एक बाई बसेल असं बघा. तुम्हाला रडू आलं तर येऊ द्या, फक्त त्यांना तुमची समजूत काढायला लागू नये.

एकदा मूल गेल्यावर नऊ दिवसांनी त्याच्या मित्राचं कार्ड माझ्या पत्त्यावर आलं. काय करावं ते मला सुचेना. पोस्टाच्या सवयीने वाटलं, पत्र ज्याचं त्याला पोचलंच पाहिजे. आधी वडिलांना फोन केला, असं असं आलंय, पाठवू का ठेवू? ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘वाचून दाखवा.’ मी वाचलं. वर्गात नवीन फळा आला होता आणि खेळात त्याची जागा राखून ठेवली होती. वडील म्हणाले, ‘परत वाचा, तिला देतो फोन.’ नंतर ते कार्ड पाकिटात घालून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. आधी विचारा, मगच पाठवा, एवढं मी त्यातून सांगेन.

पुढचा मंगळवार सोडला तरी चालेल असं आमच्या सोशल वर्कर बाई तेव्हा म्हणाल्या होत्या. त्यांच्याशी तासभर बोललो आणि गेलो, कारण खिडकीपाशी एक मुलगी तिच्या आजीच्या गावचा पिनकोड शोधत बसणार होती. तुम्हाला नाही जाववलं तर सांगा आणि एक आठवडा घ्या. मुलांना निरोप मात्र जाऊ द्या.

यायचं ठरलं असेल तर समाजसेवा विभागात दुपारनंतर जा, सकाळी ओपीडीच्या गर्दीत त्यांना बोलायला सवड नसते. आधारची झेरॉक्स आणि दोन फोटो बरोबर ठेवा. आणि कोणता वार देणार ते घरच्यांना विचारून, पक्कं करून जा.